रिमफायर पिस्तुलाची पारख

शस्त्रांचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या मनश्चक्षूंसमोर प्रथम रणांगण उभे राहते. तलवारीची, तोफेची किंवा बंदुकीची थोरवी तिने किती लढाया जिंकल्या यावरून ठरविण्याची आपली जुनी सवय आहे. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत शस्त्रांच्या कुळात एक अशी शाखा वाढली आहे की, तिची योग्यता केवळ कागदावर छापलेल्या वर्तुळांवरून ठरते. ‘रिमफायर’ काडतुसाचे लक्ष्यवेधी पिस्तूल हे या शाखेतले. कोणत्याही मोठ्या सैन्याने त्याला आपले मुख्य शस्त्र म्हणून पत्करले नाही. त्याचा संसार सारा क्लबांच्या मैदानांवर, सुट्टीच्या दिवशी सकाळी जमणाऱ्या हौशी मंडळींत आणि ऑलिंपिकच्या स्पर्धांत.

श्रोते हो, अशा पिस्तुलाची पारख कशी करावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न दुकानदारीचा वाटेल. पण तो इतिहासाचाही आहे. कारण पॅरिसच्या दिवाणखान्यात, अमेरिकेतल्या एका लहानशा कारखान्यात आणि मॉस्कोच्या एका अंध कारागिराच्या हाती या एकाच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली, आणि प्रत्येक उत्तराने मागच्या उत्तरात काही भर घातली.

प्रथम रिमफायर म्हणजे काय ते पाहू. या काडतुसाची पुंगळी पातळ पितळेची असते व तिच्या बुडाशी एक पोकळ कड काढलेली असते. आघाताने पेटणारा मसाला ओला असताना पुंगळीत घालून ती गरगर फिरवितात. त्यामुळे तो मसाला कडेच्या पोकळीत सर्वत्र जाऊन बसतो. पिस्तुलाचा चाप ओढला की खिळा त्या कडेवर आदळतो, कड चेमटते, मसाला पेटतो आणि त्याच्या ज्वालेने आतली दारू पेटून गोळी निघते. मोठ्या काडतुसांत बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसविलेली असते. येथे तशी काही योजना नाही.

या साध्या रचनेतूनच रिमफायरचे सारे गुणदोष निघतात. कड चेमटण्याइतकी पातळ हवी, म्हणून दाब बेताचाच ठेवावा लागतो. दाब बेताचा म्हणून हाताला बसणारा धक्काही सौम्य. करणी सोपी, म्हणून काडतूस स्वस्त. पण एकदा चेमटलेली कड पुन्हा उपयोगाची नाही, म्हणून पुंगळी परत भरता येत नाही. आणि कडेच्या ज्या भागावर खिळा आदळला नेमका तेथेच मसाला कमी पडला असेल, तर काडतूस उडतच नाही. पुढे ज्यांनी ज्यांनी या पिस्तुलांची परीक्षा केली, त्यांना निम्मी परीक्षा काडतुसाची करावी लागली ती यामुळे.

या काडतुसाचा जन्म झाला तो करमणुकीसाठीच. १८४५ साली पॅरिसमधील लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककाराने, त्या काळच्या बंदुका पेटविण्यासाठी वापरीत ती तांब्याची टोपी घेतली आणि तिच्या तोंडावर एक लहानशी शिशाची गोळी बसविली. आत वेगळी दारू नव्हतीच. टोपीतील मसाल्याच्या जोरावरच ती गोळी निघे. तिला आवाज थोडा, धूर थोडा. त्यामुळे सुखवस्तू लोकांना घराच्या दिवाणखान्यात किंवा बागेत भिंतीशी लक्ष्य टांगून नेमबाजी करता येऊ लागली. ‘सलोन पिस्तूल’ हे नाव त्यावरूनच पडले. या पहिल्या काळात पिस्तुलाची कसोटी ती काय? ते देखणे असावे, त्याने फार आवाज करू नये आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या लक्ष्यावर गोळी लागावी. एवढे झाले की यजमान संतुष्ट.

अटलांटिकपलीकडे हीच कल्पना अधिक गंभीर हातांत पडली. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी होरेस स्मिथ व डॅनियल वेसन या भागीदारांनी १८५७ साली सात गोळ्यांचे एक लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या काडतुसात त्यांनी चार ग्रेन काळी दारू आणि २९ ग्रेनची गोळी घातली. हेच पुढे ‘पॉइंट टू टू शॉर्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले. इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतील बावीस भाग, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर, हे या जातीचे माप ठरले. हे रिव्हॉल्व्हर खिशात बाळगण्यासाठी होते, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात पुष्कळ शिपायांनी ते पदरच्या पैशाने घेतले. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’ नावाचे काडतूस काढले. त्याची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. तेच काडतूस, दारू व मसाला यांत सुधारणा होऊन, आजतागायत चालू आहे. जगात खपणाऱ्या काडतुसांत याच्याइतका खप क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल.

या सुधारणांपैकी मसाल्याची सुधारणा विशेष महत्त्वाची होती. जुन्या मसाल्याचे क्षार नळीत राहत; ते हवेतील ओलावा शोषून घेत आणि त्यामुळे नळी आतून गंजे. संध्याकाळी पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावल्याशिवाय नळी टिकत नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जर्मनीत व अमेरिकेत न गंजविणारे मसाले प्रचारात आले, तेव्हा कोठे सामान्य हौशी माणसाला हे पिस्तूल निश्चिंतपणे बाळगता येऊ लागले.

याच सुमारास स्वयंभरण पिस्तूल रिमफायरच्या क्षेत्रात आले. जॉन ब्राउनिंग या थोर शस्त्रकल्पकाची कल्पना घेऊन कोल्ट कंपनीने १९१५ साली एक लक्ष्यवेधी पिस्तूल काढले. १९२७ पासून त्याला ‘वूड्समन’ हे नाव मिळाले. सडपातळ, हातात सहज बसणारे व अचूक असे हे पिस्तूल पुढे कित्येक वर्षे अमेरिकन हौशी नेमबाजांच्या मनात आदर्श होऊन बसले. मात्र ते बनविताना पोलादाचे ठोकळे यंत्रावर तासून घडवावे लागत. कुशल कारागिरांचे तास त्यात जात. म्हणून किंमतही तशीच असे. अचूकता हवी तर पैसा मोजावा लागेल, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती.

ही समजूत कशी मोडली, तो या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. पॅसिफिकमधून घरी परतणाऱ्या एका अमेरिकन नौसैनिकाजवळ जपानी ‘नांबू’ पिस्तूल होते. विल्यम रुगर या तरुण तंत्रज्ञाने ते त्याच्याकडून विकत घेतले आणि आपल्या घराच्या गॅरेजमध्ये बसून त्याच्या दोन नकला तयार केल्या. त्या पिस्तुलाची ठेवण त्याच्या मनात भरली. मूठ तिरपी, नैसर्गिक. आणि आतला सरकणारा भाग वाटोळा, नळकांड्यासारख्या घरात मागेपुढे होणारा. त्यानंतर त्याने सुतारकामाची हत्यारे बनविण्याचा धंदा काढला. तो चालला नाही. १९४९ साली अलेक्झांडर स्टर्म या चित्रकार मित्राने त्याला ५० हजार डॉलर दिले व कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट गावी दोघांनी ‘स्टर्म, रुगर आणि कंपनी’ या नावाने एक लहानसा कारखाना उघडला. त्यांचा पहिला माल म्हणजे ‘रुगर स्टँडर्ड’ हे रिमफायर पिस्तूल. किंमत साडेसदतीस डॉलर. म्हणजे वूड्समनपेक्षा पुष्कळच कमी.

एवढी स्वस्ताई कोठून आली? रुगरने मुठीचा सांगाडा तासून काढला नाही. पोलादी पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून काढावयाचे व ते मध्यावर जोडून घ्यावयाचे, अशी योजना त्याने केली. वरचे घर म्हणजे सरळ एक पोलादी नळकांडे. त्याच्या पुढच्या तोंडात नळी आट्यांनी घट्ट बसविलेली आणि आत वाटोळा बोल्ट. कारखानदारीच्या दृष्टीने हे मोटारींच्या किंवा घरगुती यंत्रांच्या कारखान्याला साजेसे काम होते, जुन्या बंदूककारांच्या पेढीला नव्हे. जाणत्यांनी पत्र्याच्या पिस्तुलाकडे पाहून नाक मुरडले असते तर नवल नव्हते.

परंतु या स्वस्त रचनेतच अचूकतेचे एक मर्म दडलेले होते. वूड्समनमध्ये मागची खाच सरकत्या भागावर बसविलेली होती. प्रत्येक गोळीनंतर तो भाग मागे जाऊन पुढे येई, आणि पुन्हा नेमका त्याच जागी येऊन बसण्यावर नेम अवलंबून राही. रुगरच्या पिस्तुलात बोल्ट नळकांड्याच्या पोटात हलतो. पुढची माशी नळीवर, मागची खाच त्याच नळकांड्यावर, आणि नळी त्यातच पक्की. म्हणजे नेम धरण्याची सारी साधने एकाच न हलणाऱ्या दांड्यावर. जे स्वस्त करण्यासाठी केले, तेच नेमकेपणाला उपकारक ठरले.

नव्या कंपनीला नाव नव्हते. जाहिरातीसाठी फारसा पैसाही नव्हता. अशा वेळी ‘अमेरिकन रायफलमन’ या नेमबाजांच्या मासिकातील परीक्षण निर्णायक ठरले. मासिकाचे तांत्रिक लेखन करणारे ज्युलियन हॅचर हे निवृत्त मेजर जनरल होते आणि दारूगोळ्याच्या शास्त्रातील त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. त्यांनी या पिस्तुलाविषयी अनुकूल अभिप्राय दिला आणि मागण्यांचा ओघ सुरू झाला. निःपक्षपाती परीक्षकाच्या शब्दाला केवढी किंमत असते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या नावाच्या मालाशी अनामिक माल तुलनेला उभा राहू शकतो तो केवळ अशा परीक्षकाच्या आधारावर. आणि परीक्षक विकला गेला तर ग्राहकाला कोणी वाली उरत नाही.

स्टर्म १९५१ साली ऐन तारुण्यात निवर्तला. पिस्तुलाच्या मुठीवरील गरुडाचे चिन्ह त्यानेच रेखाटले होते. ते पूर्वी लाल रंगाचे असे, ते त्याच्या स्मरणार्थ काळे करण्यात आले असे सांगतात. त्याच वर्षी लांब नळीचे व खाच इकडेतिकडे सरकविता येईल असे ‘मार्क वन’ निघाले. १९८२ साली ‘मार्क टू’ आले. त्यात शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहण्याची सोय झाली, म्हणजे पिस्तूल रिकामे आहे हे नेमबाजाला आपोआप कळू लागले.

येथपर्यंत स्तुतीच झाली. पण खऱ्या परीक्षणात दोषही सांगावयाचे असतात. या पिस्तुलाचा एक दोष पहिल्या दिवसापासून जगजाहीर होता. साफसफाईसाठी ते उघडणे कठीण आणि पुन्हा जोडणे त्याहून कठीण. आतल्या घोड्याची दांडी एका नेमक्या कोनात लोंबत राहिली तरच शेवटचा भाग आत बसे. त्यासाठी पिस्तूल कधी उलटे, कधी तिरपे धरावे लागे. पुष्कळ मालक या जाचाला कंटाळून ते न उघडताच वर्षानुवर्षे वापरीत. कंपनीने हा दोष पूर्णपणे काढला तो २०१६ साली, ‘मार्क फोर’मध्ये. मागील एक कळ दाबली की पिस्तूल उघडते, अशी रचना तेव्हा झाली. एका उघड दोषाला ६७ वर्षे जीवदान मिळाले, कारण बाकीचे गुण ग्राहकांना पुरेसे वाटत होते. आणि ही सुधारणाही निर्वेध झाली नाही. २०१७ साली कंपनीला तोवर विकलेली मार्क फोर पिस्तुले परत बोलवावी लागली. सुरक्षा-खटका धड वर नाही, धड खाली नाही अशा मधल्या स्थितीत असताना चाप ओढला गेला, तर पुढे खटका हलविताच गोळी सुटण्याचा संभव आढळून आला होता. सोय करावयास जावे आणि सुरक्षिततेत फट राहावी, असे यंत्रविद्येत घडते. म्हणून नव्या नमुन्याची परीक्षा जुन्याच्या कीर्तीवर कधीही उरकू नये.

आता दृष्टी रशियाकडे वळवू. मिखाईल मार्गोलिन हा लाल सेनेतील तरुण सैनिक. १९२४ साली डोक्याला गोळी लागून त्याची दृष्टी कायमची गेली. लक्ष्यवेधी पिस्तूल म्हणजे डोळ्यांचे शस्त्र. आणि ते घडविण्याचा ध्यास या अंध माणसाने घेतला. बंदुकांचे भाग तो बोटांनी चाचपून ओळखी, लाकडाचे व मातीचे नमुने करून आपली कल्पना इतरांना समजावून सांगे, आणि त्यावरून मग आराखडे काढले जात. महायुद्धानंतर त्याचे रिमफायर पिस्तूल सोव्हिएत कारखान्यांतून निघू लागले व जगभर ‘मार्गोलिन’ याच नावाने ओळखले गेले. त्याची मागची खाच सरकत्या भागावर नाही. त्या भागावरून कमानीसारखा एक पूल घालून ती पक्क्या सांगाड्याला जोडलेली आहे. रुगरने नळकांड्याने जे साधले, तेच मार्गोलिनने पुलाने साधले. एकमेकांशी संबंध नसलेले दोन कल्पक, एक धंद्यात बुडालेला आणि एक दृष्टी गमावलेला, एकाच निष्कर्षाला पोहोचले : नेमाचे साधन हलता कामा नये.

स्पर्धेच्या मैदानावरची गोष्ट निराळी. तेथे पिस्तुलाइतकीच माणसाची परीक्षा होते. हंगेरीच्या सैन्यातील कारोय टाकाच याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९३८ साली हातगोळा फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमबाजीचा हात, निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये २५ मीटर शीघ्र पिस्तूल नेमबाजीत त्याने ५८० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे तेच पदक पुन्हा मिळविले. या स्पर्धेत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारावयाच्या असतात. प्रथम आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत पाच वेळा हात सरकवून, थांबवून, चाप ओढावयाचा असेल, तर धक्का सौम्य पाहिजे व चाप निर्मळ पाहिजे. रिमफायरचा जो अशक्तपणा, तोच येथे त्याचा मोठा गुण ठरला.

स्पर्धा वाढली तशी युक्तीही वाढली. १९५० च्या दशकात सोव्हिएत नेमबाजांनी असे एक पिस्तूल आणले की, त्याची नळी हाताच्या वर नसून खाली, मुठीच्या रेषेत आणलेली होती. त्यामुळे गोळी सुटताना तोंड वर उसळत नसे आणि दुसरा नेम तत्काळ धरता येई. आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम करून ही उलटी रचना बंद केली : नळीची रेषा हाताच्या वरूनच गेली पाहिजे. २५ मीटरच्या स्पर्धेसाठी आजचे नियम असे आहेत : पिस्तूल ३०० मिलिमीटर लांब, १५० उंच व ५० रुंद अशा पेटीत मावले पाहिजे, वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक नको, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, आणि चाप किमान १००० ग्रॅम भार पेलल्याशिवाय सुटता कामा नये. आणखी एक बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. शीघ्र नेमबाजीत पूर्वी माणसाच्या आकृतीचे लक्ष्य असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते काढून टाकण्यात आले आणि त्या जागी वर्तुळे आली. द्वंद्वयुद्धाची शेवटची खूण या खेळातून त्या वेळी पुसली गेली.

या साऱ्या इतिहासातून पारखीची जी रीत सिद्ध झाली आहे, ती थोडक्यात सांगतो. पिस्तूल हातात आले की प्रथम ते रिकामे आहे याची डोळ्यांनी व बोटांनी खात्री करावी. नंतर डोळे मिटून, हात लांब करून ते धरावे आणि डोळे उघडावे. माशी खाचेच्या मध्यभागी आपोआप आलेली दिसली, तर मूठ आपल्या हाताची आहे. ती तशी आली नाही तर पिस्तूल कितीही नामांकित असो, ते दुसऱ्या कोणाच्या हाताचे समजावे. नंतर चाप पाहावा. नळी सरळ वर धरून चापाला वजन टांगले म्हणजे त्याचा भार कळतो. पण भारापेक्षाही तो अडखळत सुटतो की स्वच्छ, याला महत्त्व अधिक.

अचूकता पाहावयाची ती टेकूवर हात ठेवून, २५ मीटरवरून, निदान दहा दहा गोळ्यांचे पाच गट मारून. सावकाश नेमाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. टेकूवरून दहाही गोळ्या त्याच्या आत पडत असतील, तर त्यापुढील चुका नेमबाजाच्या, पिस्तुलाच्या नव्हेत. हाच प्रयोग तीनचार निरनिराळ्या पेढ्यांच्या काडतुसांनी करावा. एकाच नळीला एक काडतूस मानवते आणि दुसरे मानवत नाही, असा अनुभव सर्वत्र येतो. लक्ष्यवेधासाठी ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२० मीटरचे, काडतूस बहुधा उत्तम. कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून परत खाली येताना गोळीची स्थिरता बिघडते. शेवटी विश्वासार्हता. कडेचे काडतूस कोठीत एकमेकांवर रचताना कडा एकमेकींत अडकतात, म्हणून भरण्यात घोटाळा व्हावयाचा संभव रिमफायरमध्ये अधिक. काही शे गोळ्या झाडाव्या व प्रत्येक अडथळा लिहून ठेवावा. काडतूस उडाले नाही तर तेच फिरवून पुन्हा घालावे. दुसऱ्या जागी खिळा बसून ते उडाले तर दोष बहुधा मसाल्याचा, आणि अनेक काडतुसांवर खिळ्याची खूणच उथळ दिसली तर दोष पिस्तुलाचा.

हे सर्व झाल्यावरही एक कसोटी उरते आणि ती सर्वांत वरची आहे. सौम्य धक्का, हलका आवाज आणि स्वस्त काडतूस या गुणांमुळे हे शस्त्र खेळण्यासारखे वाटू लागते, आणि अपघाताचे मूळ तेथेच असते. या लहान गोळीचा पल्ला सुमारे दीड मैलापर्यंत जातो. १९६८ साली लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांचा बळी गेला तो याच मापाच्या रिव्हॉल्व्हरने. १९८१ साली वॉशिंग्टन येथे अध्यक्ष रेगन यांना मरणाच्या दारापर्यंत नेले तेही याच मापाच्या गोळीने. म्हणून मागे भक्कम बांध नसेल तेथे हे पिस्तूल झाडणे हा गुन्हाच समजला पाहिजे. बंदिस्त जागेत शिशाची धूळ श्वासावाटे जाते. हवा खेळती ठेवणे आणि घरी जाण्यापूर्वी हात धुणे हाही नेमबाजीच्याच शिस्तीचा भाग आहे.

आपल्या देशात या खेळाची वाट वेगळी पडली. भारतात शस्त्रावर परवान्याचे बंधन इंग्रजी अमदानीपासून आहे. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्यामुळे साडेसदतीस डॉलर देऊन दुकानातून पिस्तूल घरी नेण्याची अमेरिकन रीत येथे रुजली नाही. येथे माणूस प्रथम क्लबात जातो, हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाने दहा मीटरवर हात बसवितो आणि मग रिमफायरकडे वळतो. या शिस्तीला संघटित रूप आले १९५१ साली, भारतीय राष्ट्रीय रायफल संघाच्या स्थापनेने. त्याचे संस्थापक व पहिले अध्यक्ष म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर. मराठी घराण्यात, बडोद्यास १८८८ साली जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले आणि १९५२ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले हे गृहस्थ. अहिंसेच्या पाठीराख्याने नेमबाजीची संस्था उभारावी यात कित्येकांना विसंगती वाटेल. पण सभागृहात ज्याने आयुष्यभर नियमांचे पालन करविले, त्याला नियमांखाली आणलेले शस्त्र आणि मोकाट शस्त्र यांतील अंतर कोणी सांगावयास नको होते. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही तरुण खेळाडूंना राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून उपयोगी पडते.

त्या बीजाला फळ यावयास बराच काळ लागला. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी २५ मीटर शीघ्र पिस्तूल नेमबाजीत रौप्यपदक मिळविले. टाकाच याने ज्या शहराच्या ऑलिंपिकमध्ये डाव्या हाताने सुवर्ण जिंकले होते त्याच शहराच्या ऑलिंपिकमध्ये, त्याच प्रकारात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. दोघांच्याही हाती होते ते याच कडेच्या काडतुसाचे पिस्तूल.

तेव्हा पारख कोणत्या गोष्टींची करावयाची, हे आता स्पष्ट झाले असेल. फ्लोबेरच्या गिऱ्हाइकाने रूप पाहिले, वूड्समनच्या मालकाने घडण पाहिली, हॅचर यांच्या वाचकाने किंमत व अचूकता यांचा मेळ पाहिला, आणि ऑलिंपिकच्या पंचांनी पेटी व वजन घेऊन नियम पाहिला. आपण या चारही गोष्टी पाहाव्या. त्याखेरीज ते कोणाच्या हाती जाणार, कोठे ठेवले जाणार, त्याच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ राहणार, हेही विचारावे. आणि या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावाचून उत्तमांतले उत्तम पिस्तूलही विकत घेऊ नये.